मंडळाच्या बैठकीत आपण गप्प का बसतो?



"आपण व्यापारी माणसं, आपल्यात कुठे कलाकार!" हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज बोललं जातं की ते खरं आहे का, हे कुणी तपासतच नाही. मुलगी चित्र छान काढते म्हटलं की "छंद म्हणून ठीक आहे." सुनेनं काही वेगळं सुचवलं की "आपल्याकडे असं नसतं." आणि मग आपणच तक्रार करतो की मंडळात नवीन काही होत नाही, तरुण मुली येत नाहीत. मला हे वाक्य मान्य नाही. का, ते आज लिहिते. शेवटी आपल्या बैठकांबद्दल एक सूचनाही करणार आहे, ती काही जणींना टोचेल. टोचली तर आधीच क्षमा मागते, पण सूचना मागे घेणार नाही.

आधी स्वयंपाकघरात चला. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, ओलं आलं, एवढं सगळं वजा करायचं आणि तरी घरातल्या दहा माणसांनी बोटं चाटत जेवलं पाहिजे, ही परीक्षा आपल्या आज्या, सासवा पिढ्यान्‌पिढ्या देत आल्या. (आपल्यात सगळेच बारा महिने पाळतात असं नाही, काही घरांत चातुर्मासापुरतं, काहींत पर्युषणापुरतं. पण त्या दिवसांत तरी सगळ्यांना ही परीक्षा द्यावीच लागते.) बटाटा पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. पुढे महाराष्ट्रातलं सगळं चटपटीत खाणं त्या बटाट्यावर उभं राहिलं. वडा, समोसा, पावभाजी, दाबेली. आपल्या पोरांनी शाळेतून येऊन तेच मागितलं, तेव्हा आईनं काय केलं? कच्ची केळी उकडली. वड्यात केळं, समोशात मटार आणि केळं, पावभाजीत दुधी, कोबी, फ्लॉवर, मटार आणि पुन्हा केळं. लसणाची जागा हिंगानं घेतली. आज गाड्यावरचा पोरगा विचारतो, "जैन बनवू का?" विमानात तिकीट काढताना 'जैन मील' वेगळं मागता येतं. हे सगळं कुणी शोधून काढलं? एकीचंही नाव कुणाला माहीत नाही.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. त्या दिवशी गट्टे, मंगोडी, पापडाची भाजी, शेवेची भाजी, कढी. राबोडी तर बघा. मक्याचं किंवा ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, पापडासारखं उन्हात वाळवून वर्षभर डब्यात ठेवायचं आणि तिथीच्या दिवशी त्याची रसभाजी करायची. मारवाडात हिरवं मिळायचंच नाही, म्हणून सुचलेली युक्ती आपल्या बायकांनी इथे मराठवाड्यात आणली आणि व्रताच्या कामाला लावली.

आणि आयंबिल! दिवसातून एकदाच बसून जेवायचं. तेल नाही, तूप नाही, दूध-दही नाही, साखर-गूळ नाही, भाजी नाही, फळ नाही. घराघरातल्या रीतीप्रमाणे थोडं मीठ-मिरी चालतं, किंवा तेही नाही. उरतं काय? धान्य, डाळ आणि पाणी. चैत्र आणि आश्विनातल्या ओळीचे नऊ दिवस अशा जेवणावर काढायचे असतात. ज्यांनी आयंबिलचा स्वयंपाक केलाय त्यांना विचारा, त्या तीन वस्तूंतून किती पदार्थ होतात. इडली, ढोकळा, खाखरा, मुगाचं पाणी, भाजलेल्या डाळीची चटणी, ज्वारीच्या लाह्या. जिभेचे चोचले पुरवणं हा आयंबिलचा हेतू नाही, हे मला माहीत आहे, आणि महासतीजी यावर बोलतात तेव्हा माझी मान खाली जाते. पण ओळी पूर्ण करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीच्या पानात नवव्या दिवशी काहीतरी वेगळं पडावं म्हणून तिची आई जे डोकं चालवते, त्याला मी चोचले म्हणणार नाही.

तेव्हा "नियमांमुळे आपली बुद्धी आखडली" हे मला पटत नाही. नियमांनी आपल्याला सुचायला लावलं. काय करायचं नाही हे पक्कं ठरलेलं असतं, आणि बाकी सगळं रान मोकळं असतं.

मग हीच बाई मंडळाच्या बैठकीत गेली की काय होतं?

गेल्या वर्षी चातुर्मासाच्या कार्यक्रमांसाठी आमची बैठक झाली. वीस-बावीस जणी होत्या. तीन मिनिटांत ठरलं: थाळी सजावट, धार्मिक हाउजी, प्रश्नमंच आणि एक दिवस सगळ्यांनी एकाच रंगाची साडी. गेली कित्येक वर्षं हेच ठरतं. वाईट काहीच नाही त्यात. पण बैठकीनंतर एक तरुण सून माझ्याबरोबर चालत आली आणि बोलता बोलता म्हणाली, "काकीजी, दर वर्षी प्रभावनेत किती स्टीलच्या वाट्या, ताटल्या, डबे येतात. आमच्याकडे माळ्यावर पोतंभर आहेत. सगळ्यांनी न वापरलेले जमा केले तर संघाची भांडी होतील. कुणाकडे पारणं असो, तेला असो, प्लास्टिकच्या पत्रावळी आणायला नको. अपरिग्रह पण होईल."

मी थांबलेच. म्हटलं, हे आत का नाही बोललीस? ती हसली. "मी कशाला बोलू काकीजी? तिथे मी अमक्यांची सून म्हणून बसते."

ही मुलगी लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होती आणि ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं होती. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. त्या सतरंजीवर बसल्यावर ती स्वतःला कोण समजत होती, यावर सगळं अडलं होतं.

यावर अमेरिकेत एक अभ्यास झालेला आहे. जॅक गोन्सालो आणि बॅरी स्टॉ या दोन संशोधकांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी कॉलेजच्या मुलांचे छोटे गट केले. काही गटांतल्या मुलांना आधी लिहायला सांगितलं की तुम्ही इतरांपेक्षा वेगळे कसे आहात आणि वेगळं असण्याचा फायदा काय. बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही कोणकोणत्या गटांचे आहात, इतरांसारखे कसे आहात आणि सर्वांत मिसळून राहण्याचा फायदा काय, ते लिहा. मग सगळ्यांना एकच प्रश्न दिला: विद्यापीठातलं एक हॉटेल बंद पडलंय, त्या जागेत नवीन काय सुरू करावं? जिथे "नवीन सुचवा" असं स्पष्ट सांगितलं होतं, तिथे 'मी वेगळा' लिहिणाऱ्यांच्या गटांना जास्त आणि जास्त नवीन कल्पना सुचल्या. 'मी सगळ्यांसारखा' लिहिणारे मागे राहिले.

या निष्कर्षापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं आश्चर्य वाटलं. थोडा वेळ कागदावर चार वाक्यं लिहिली, तर एवढा फरक पडतो! मग जिनं तीस वर्षं "चार जणींसारखं राहा" आणि "लोक काय म्हणतील" ऐकलंय, तिचं काय होत असेल? पण यात आशेचंही काही आहे. जे थोडा वेळ लिहून बदलतं, ते हाडात रुजलेलं नसतं.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, हे अमेरिकेचं झालं. आपला धर्म तर मान हा कषाय मानतो. क्रोध, मान, माया, लोभ. 'मी वेगळी, मी विशेष' म्हणत बसायचं, मग सामायिकाचा उपयोग काय? ही शंका मला अगदी खरी वाटते, आणि ती झटकून टाकणाऱ्यांतली मी नाही. पण नीट बघा. "ही कल्पना माझी आहे, माझीच झाली पाहिजे" यात मान आहे. "भांडी गोळा करूया का?" यात कुठे आला मान? उलट दर वर्षी माझीच सूचना मंजूर व्हावी म्हणून जी आधी बोलते आणि मोठ्यानं बोलते, तिनं स्वतःला विचारावं. गप्प बसणारीला विनयी समजायची घाई आपण फार करतो. ती कदाचित फक्त घाबरलेली असते.

दुसरं कारण आपण देतो ते अहिंसेचं. कुणाचं मन दुखवू नये. ताईंनी सुचवल्यावर आपण दुसरं काही बोललो तर त्यांना वाईट वाटेल. मैत्रिणींनो, आपल्या धर्मानं जगाला अनेकांतवाद दिला, हे आपण प्रत्येक भाषणात अभिमानानं सांगतो. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, एकाच बाजूनं पाहून सांगितलेलं अपुरं असतं, म्हणून 'स्यात्' म्हणायचं. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट पाठशाळेतल्या लहान मुलालाही येते. निदान त्या आंधळ्यांतला प्रत्येक जण आपल्या हाताला काय लागलं ते सांगत तरी होता. आपल्या बैठकीत एकीनं सोंड धरली की बाकीच्या एकवीस जणी म्हणतात, "ताई म्हणतात तसंच आहे." संवत्सरीला आपण मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. वेगळं मत सांगितल्यानं कुणी दुखावलंच, तर त्यावरचा उपायही आपल्याच घरात आहे.

स्वतःकडे बघण्याची नजर बदलली की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण पापडाचं आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत. आता पापडात नवीन काय होतं? काहीच नाही. पापड तर प्रत्येकीला येत होता. नवीन होती ती मांडणी. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची. काम करणारी प्रत्येक जण 'बहीण', आणि प्रत्येक बहीण मालक. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. मी बी.कॉम. झालेली, हिशेबाच्या नजरेनं बघते तेव्हा मला यातला देणगी नाकारण्याचा निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. देणगी घेतली असती तर त्या 'गरजू महिला' झाल्या असत्या, आणि गरजू महिलांना पुढे काय सुचायचं ते देणगी देणाराच सुचवतो. मालकिणीला स्वतःलाच सुचवावं लागतं. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या.

मुंबई लांब वाटत असेल तर आपल्या गावाचंच बघा. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते व्यापारामुळे. पण नुसता व्यापारच करायचा असता तर बियाण्यांची राजधानी म्हणून जालन्याचं नाव झालं असतं का? बद्रीनारायण बारवाले शास्त्रज्ञाची पदवी घेऊन आलेले नव्हते. भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली, १९६४ मध्ये इथे महिको उभी केली, आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार जालन्यात आला. सोलापूरच्या जैन घरातले वालचंद हिराचंद यांनी जहाजं, विमानं, मोटारी अशा धंद्यांत हात घातला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या कारखान्यातलं 'जलउषा' जहाज पाण्यात उतरलं, ते नेहरूंच्या हस्ते. यांना आपण कलाकार म्हणत नाही, उद्योजक म्हणतो. शब्द कोणताही वापरा, जे नव्हतं ते आणलं की नाही? 'व्यापारी माणसं' या शब्दातच ते बसतं. फक्त ते पुरुषांच्या वाट्याचं आणि घर सांभाळणं आपल्या वाट्याचं, असं आपण धरून चालतो.

आता सूचना.

आपल्याला वाटतं की सगळ्या जणी एकत्र बसल्या की जास्त सुचतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५८ साली हे तपासून पाहिलं. चार-चार जणांच्या गटांना एकत्र बसवून कल्पना मागितल्या आणि दुसरीकडे चार-चार जणांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. एकेकट्यानं विचार केलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या, जवळजवळ दुप्पट. वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, आपलं स्वयंपाकघर तर कधीपासून असंच चालतंय! चुलीपुढे प्रत्येक जण एकटी असते. बिघडलं तर गुपचूप गाईला घालते, जमलं तर नणंदेला सांगते. नणंद सासरी नेते, तिथे तिची जाऊ त्यात काहीतरी बदल करते, आणि दहा वर्षांनी तोच पदार्थ बीड, नगरहून फिरून आपल्याकडे परत येतो. आधी एकटीनं करून बघायचं आणि मग सगळ्यांत वाटायचं. बैठकीत आपण याच्या बरोब्बर उलट करतो.

म्हणून मी म्हणते, बैठकीच्या आधी आठ दिवस प्रत्येकीला एक चिठ्ठी द्या. घरी बसून लिहा, निवांत लिहा, सुचेल तितकं लिहा, मराठीत, हिंदीत, मारवाडीत, कशीही. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. बैठकीत सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या आणि एकीनं एकेक मोठ्यानं वाचायची. कल्पना सासूची की सुनेची, अध्यक्षांची की काल लग्न होऊन आलेलीची, हे कळणारच नाही. मग फक्त कल्पनेवर बोलायचं. मान नको होता ना? इथे तो येणार कुठून? आणि बोलायची सुरुवात सगळ्यात लहान वयाच्या बाईनं करायची. मोठ्यांनी शेवटी बोलायचं.

हे शेवटचं वाक्य मी दोन-तीन ज्येष्ठ जणींसमोर बोलून पाहिलं. एकीनं सरळ विचारलं, "म्हणजे आता आमचा मान ठेवायचा नाही का?" मी म्हटलं, प्रवचनात सगळ्यात मोठं कोण बोलतं? आधी बाकीच्या साध्वीजी बोलतात, मोठ्या महासतीजी शेवटी. शेवटी बोलणं हाच तर मान आहे. त्यांना हे कितपत पटलं कुणास ठाऊक, पण त्या रागावल्या नाहीत. मी स्वतः ज्येष्ठांतच मोडते, त्यामुळे हा नियम मलाही लागू आहे, आणि गप्प बसून ऐकणं मला जड जाणार आहे हे घरचे सगळे जाणून आहेत.

पण कल्पना मंजूर झाली की मग मात्र नाव सांगायचं, माझं म्हणणं आहे. कच्च्या केळ्याचा वडा पहिल्यांदा करणारीचं नाव हरवलं, तसं हिचं हरवू नये. आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदना तिन्ही सारखी मानली आहेत. कुणी मासखमण केलं तर आपण घरी जाऊन शाता विचारतो, गीतं गातो, वरघोडा काढतो, चौकात बॅनर लावतो. चांगली कल्पना सुचवणारीसाठी बॅनर नको, पण स्थानकात चार जणींसमोर "हे हिला सुचलं" एवढं म्हणायला काय हरकत आहे? तिनं स्वतः म्हटलं तर मान होईल. आपण म्हटलं तर अनुमोदना.

काही जणींना वाटेल, एवढ्याशा बैठकीसाठी केवढा हा खटाटोप. थाळी सजावट झाली काय आणि न झाली काय. पण आमच्या मंडळात पंचवीस ते पस्तीस वयाच्या सुना दर वर्षी कमी होत आहेत. त्या धर्मापासून लांब गेलेल्या नाहीत, घरी पाळतात, तपस्या करतात, मुलांना पाठशाळेत पाठवतात. फक्त आमच्यात येत नाहीत. त्यातल्या एकीनं तिच्या सोसायटीतल्या बायकांना घेऊन ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली आहे. दुसरी ऑनलाइन जैन टिफिनचे वर्ग घेते. त्यांना सुचत नाही असं कोण म्हणेल? त्यांना जिथे विचारतात तिथे त्या जातात. आपल्या मंडळाचा ताळेबंद मांडला तर रोख शिल्लक दर वर्षी वाढताना दिसते. या मुली त्यात कुठेच दिसत नाहीत.

भांड्यांची कल्पना मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ती माझी नाही, तिची आहे, आणि ती तिनंच चिठ्ठीवर लिहावी असं मला वाटतं. चातुर्मासाच्या बैठकीला अजून तीन आठवडे आहेत. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून मी चाळीस चिठ्ठ्या तयार केल्या आहेत, आणि त्या ठेवल्यात प्रभावनेत आलेल्या एका स्टीलच्या डब्यात. ज्यांना हव्यात त्यांनी घरी येऊन घेऊन जा, दुपारी तीननंतर मी असते.